शेक, भट्टी आणि बॉम्ब : अकरावीतल्या एका मुलीच्या प्रश्नांना उत्तर

प्रश्न : मावशी, मी अकरावी सायन्सला आहे. गणेशोत्सवातल्या वक्तृत्व स्पर्धेत मला ‘अणुशक्ती : शाप की वरदान’ हा विषय आला आहे. वीज आणि औषध चांगलं, बॉम्ब वाईट, एवढंच बोलून पाच मिनिटं कशी भरायची? गुजरातेतल्या काक्रापार अणुवीज केंद्राची भट्टी बॉम्बसारखी फुटू शकते का? आणि हे स्पर्धेसाठी नाही, पण विचारते. आजोबांना घशातल्या गाठीसाठी कोबाल्टचे, म्हणजे किरणांचे, ३३ शेक सांगितले आहेत. आजी म्हणते, शेक घेऊन आले की लहानग्याला त्यांच्याजवळ जाऊ द्यायचं नाही. खरं आहे का? आजोबा त्या खोलीत एकटे फार घाबरतात.

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते. स्पर्धेला वेळ आहे, आजोबा मात्र आज संध्याकाळीच घरी येणार आहेत.

लहानग्याला त्यांच्या मांडीवर खुशाल बसू दे. कोबाल्ट मशीनमधून गामा किरण येतात, गाठीत काम करतात आणि संपतात. अंगात काही साठून राहत नाही. दिवसभर उन्हात बसलेला माणूस रात्री अंधारात उजळत नाही, तसंच हे. तेहतीस वर्षं बडोद्यात आणि त्याआधी दुसऱ्या एका शहरात मी मेडिकल फिजिसिस्टचं काम केलं. किती किरण, कुठे, किती वेळ, हे गणित मांडायचं आणि रेडिएशन सेफ्टी ऑफिसर म्हणून सोर्सची, म्हणजे किरण देणाऱ्या पदार्थाची, राखण करायची, हे माझं काम. शेक घेतलेल्या माणसाचं ताट-वाटी वेगळी ठेवलेली घरं मी खूप पाहिली आहेत. त्या माणसाला आजारापेक्षा ते ताट जास्त लागतं. आजीला माझं नाव सांग आणि ताट एकत्र करायला लाव.

‘शेक’ हा आपल्याकडचा शब्द मला आवडतो, पण त्यानं एक गैरसमज होतो. त्यात उष्णता जवळजवळ नसतेच. किरणांची मात्रा आम्ही ‘ग्रे’मध्ये मोजतो. आजोबांना रोज २ ग्रे, असे ३३ दिवस, म्हणजे एकूण ६६ ग्रे मिळतील. आता हे नीट वाच. संपूर्ण शरीरावर एकाच वेळी साधारण ४ ग्रे पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसं महिना-दोन महिन्यांत दगावतात. त्या ४ ग्रेमधली ऊर्जा किती? सत्तर किलोच्या माणसाला चहाच्या एका लहानशा घोटातून मिळते तेवढीच. अंगाचं तापमान जेमतेम एका अंशाच्या हजाराव्या भागाएवढं वाढतं. चटका बसत नाही, वास येत नाही, दिसत तर काहीच नाही, पण पेशींमधला डीएनए तुटतो. तीच गोष्ट हाताच्या पंजाएवढ्या जागेत, तुकड्या-तुकड्यांनी, मधे निरोगी पेशींना सावरायला वेळ देत दिली, तर ६६ ग्रे सोसतात आणि गाठ मरते. ४ ग्रेनं माणूस जातो आणि ६६ ग्रेनं वाचतो. अणू दोन्हीकडे तोच असतो, फरक फक्त हिशोबाचा. तुझं भाषण मला या एका शब्दाभोवती उभं राहिलेलं दिसतं.

आयोडीन-१३१चं उदाहरण घे, शाळेतल्या मुलांनाही कळेल. २६ एप्रिल १९८६ला चेर्नोबिलची भट्टी फुटली तेव्हा हे आयोडीन हवेत गेलं, गवतावर बसलं, गाईंनी ते गवत खाल्लं आणि मुलांनी दूध प्यायलं. थायरॉइड ग्रंथी आयोडीन ओढून घेते, चांगलं-वाईट ओळखत नाही. पुढच्या काही वर्षांत बेलारूस, युक्रेन आणि रशियात हजारो मुलांना थायरॉइडचा कॅन्सर झाला. आणि आमच्याकडे थायरॉइडचाच कॅन्सर झालेल्या बाईला ऑपरेशननंतर हेच आयोडीन-१३१ प्यायला देतात, कारण उरलेल्या पेशी ते ओढून घेतात आणि त्यातच मरतात. या रुग्णांना मात्र वेगळं ठेवावंच लागतं, कारण इथे किरण देणारा पदार्थ पोटात गेलेला असतो. त्यांच्या संडास-बाथरूमचं पाणीसुद्धा सरळ गटारात सोडत नाहीत. ते डिले टँकमध्ये साठवतात. आठ दिवसांत आयोडीन निम्मं होतं, आणखी आठ दिवसांत त्याचं निम्मं, असं कमी झाल्यावर मोजून मगच सोडतात. रोज खोलीच्या दाराशी मीटर धरून आकडा लिहायचा. आकडा मर्यादेखाली आला की बाई घरी. चेर्नोबिलमध्ये तोच पदार्थ बेहिशेबी सुटला, आणि वर लोकांना दूध पिऊ नका हे वेळेवर सांगितलंही गेलं नाही.

आता काक्रापार. नाही, ती भट्टी बॉम्बसारखी फुटू शकत नाही, आणि यामागचं कारण भौतिकशास्त्राचं आहे, कुणाच्या आश्वासनाचं नाही. खाणीतल्या युरेनियममध्ये फुटणारा युरेनियम-२३५ हा भाग फक्त ०.७ टक्के असतो, बाकीचा जवळजवळ सगळा २३८. बॉम्बला तो साधारण ९० टक्क्यांपर्यंत वाढवलेला लागतो. काक्रापारच्या भट्ट्या नैसर्गिक युरेनियमवरच चालतात. त्यात साखळी प्रक्रिया, म्हणजे एका अणूतून सुटलेल्या न्यूट्रॉननं पुढचा अणू फोडत जाणं, टिकवायची तर न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारं जड पाणी भोवती लागतं, ते काढलं की प्रक्रिया थांबते. शिवाय भट्टीत काही न्यूट्रॉन उशिरा, सेकंदांनी बाहेर येतात. एक टक्कासुद्धा नसतात ते, पण त्यांच्यामुळेच माणसाला आणि यंत्राला भट्टी आवरायला सवड मिळते. बॉम्बमध्ये सगळा खेळ सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात आटोपतो.

पण ‘बॉम्बसारखी फुटत नाही’ म्हणजे ‘धोका नाही’ असं बोलू नकोस. भट्टीचा खरा धोका ती बंद केल्यावर सुरू होतो. साखळी थांबली तरी युरेनियम फुटून तयार झालेले तुकडे किरण सोडत राहतात आणि उष्णता देत राहतात. बंद केल्या क्षणी ती उष्णता पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के असते. काक्रापारचे नवे संच ७०० मेगावॅट विजेचे आहेत, त्यांची उष्णता दोन हजार मेगावॅटच्या वर. तिचे सहा टक्के म्हणजे शंभराहून जास्त मेगावॅट उष्णता, आणि तिला बंद करायचं बटणच नाही. पाणी फिरत ठेवणं एवढा एकच उपाय. ११ मार्च २०११ला फुकुशिमात भूकंपानंतर भट्ट्या ठरल्याप्रमाणे बंद झाल्या होत्या. नंतर त्सुनामीच्या पाण्यात डिझेल जनरेटर बुडाले, पंप थांबले, इंधन वितळलं. जे स्फोट दिसले ते हायड्रोजन वायूचे होते. दीड लाखाहून जास्त लोकांना घरं सोडावी लागली, आणि त्या धावपळीत व पुढच्या हालअपेष्टांत कितीतरी म्हातारी, आजारी माणसं गेली. भीती आणि विस्थापन यांनी गेलेलेही अपघाताचेच बळी, हे आमच्या पुस्तकांत फार उशिरा आलं.

योगायोगानं तारीख तीच, ११ मार्च, पण साल २०१६. त्या दिवशी काक्रापारच्या पहिल्या संचात शीतलक नळीला तडा जाऊन जड पाणी गळलं. भट्टी आपोआप बंद झाली, आणीबाणी जाहीर झाली, बाहेर किरणोत्सर्ग मर्यादेपलीकडे गेला नाही असं अधिकृतपणे सांगितलं गेलं. नंतर तपासात नळ्यांचा धातू बाहेरून गंजल्यासारखा झालेला सापडला. मला या घटनेत दोन्ही गोष्टी दिसतात. सुरक्षेची साखळी चालली, ही जमेची बाजू. पण त्या दिवसांत बडोद्यात माझ्याकडे जे पंधरा-वीस फोन आले, त्यातल्या एकालाही नीट, साध्या भाषेत माहिती मिळालेली नव्हती. ‘काही झालं नाही’ हे उत्तर नव्हे. अणुवीज हवी म्हणणाऱ्यांनी, आणि मी त्यांच्यातली एक आहे, आकडे सगळ्यात आधी आणि सगळ्यात मोठ्यानं सांगायला हवेत. गळती लपवण्याची सवय लागली की लोक खऱ्या आकड्यावरही विश्वास ठेवत नाहीत, आणि मग आजी ताट वेगळं करते.

हिशोब म्हणजे काय, हे मला एका दुपारी कळलं. नोकरीचं चौथं वर्ष. शहर दुसरं, रुग्णालयाचं नाव सांगत नाही. कोबाल्ट मशीनमध्ये बोटाच्या दोन पेरांएवढा सोर्स शिशाच्या जाड डोक्यात बसवलेला असतो. बटण दाबलं की तो ड्रॉवरवरून पुढे सरकतो, वेळ संपली की मागे जातो. त्या दिवशी टायमर शून्यावर आला, पण भिंतीवरचा झोन मॉनिटर, म्हणजे खोलीत किरण आहेत का ते दाखवणारं यंत्र, टीक-टीक करत लाल राहिला. सोर्स मध्येच अडकला होता आणि टेबलावर एक बाई होती. टेक्निशियन माझ्याकडे पाहायला लागला. घोकलेलं होतं म्हणून पाय हलले. दार उघडलं, झोताच्या समोर न जाता बाजूनं गेलो, बाईंना उठवून बाहेर आणलं, दार लावलं. मग मशीनच्या कडेला टांगलेला टी-रॉड घेऊन मी पुन्हा आत गेले आणि सोर्स मागे ढकलला. हिरवा दिवा लागला तेव्हा माझा हात थरथरत होता.

पण ती हकीकत तिथे संपली नाही. खरं काम त्यानंतरचं. बाईंना किती सेकंद जास्त मिळाले? स्टॉपवॉच टेक्निशियननं लावलं होतं, देव त्याचं भलं करो. त्यावरून जादा मात्रा काढली, डॉक्टरांना लेखी दिली, पुढच्या शेकांतून तेवढी वळती केली. आम्हा दोघांचे टीएलडी बॅज, म्हणजे छातीवर लावतो ते मोजपट्टीचे बिल्ले, तपासणीला पाठवले. आमची वर्षाची मर्यादा सरासरी २० मिलिसिव्हर्ट (अंगावर होणाऱ्या परिणामाच्या हिशोबानं मोजलेली मात्रा), सामान्य माणसाची १. आमचे आकडे आत आले. नियामक मंडळाला अहवाल गेला. आणि मी त्या बाईंच्या शेजारी बसून काय झालं ते सगळं सांगितलं. वरिष्ठांना ते आवडलं नाही. आजही मला वाटतं, त्या दिवशी मी केलेलं सगळ्यात बरोबर काम तेच.

जिथे हा हिशोब सुटतो तिथे काय होतं, हे ब्राझीलच्या गोयानिया शहरात सप्टेंबर १९८७मध्ये दिसलं. बंद पडलेल्या दवाखान्यात सीझियम-१३७चं उपचाराचं यंत्र तसंच पडून होतं. भंगारवाल्यांनी ते फोडलं. आतली पूड अंधारात निळी चमकत होती. लोकांनी ती घरी नेली, भाऊबंदांना वाटली, अंगाला लावली. २४९ जणांच्या अंगावर किंवा अंगात ती सापडली, चार जण गेले, त्यांत सहा वर्षांची मुलगी होती. एक लाखाहून जास्त लोकांना स्टेडियममध्ये बोलावून तपासावं लागलं. आपल्याकडेही दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एप्रिल २०१०मध्ये कोबाल्ट-६०चं जुनं उपकरण भंगारात पोचलं आणि एक कामगार दगावला. बॉम्ब कुठेच नव्हता. शांततेसाठीचा अणूच होता, फक्त त्याची नोंदवही कोणी सांभाळली नव्हती. म्हणून कोबाल्टचा सोर्स जुना झाला, सव्वापाच वर्षांत निम्मा होतोच, की तो शिशाच्या पेटीत परत पाठवून पोचपावती हातात येईपर्यंत मला झोप लागत नसे.

उपयोगांची यादी करायची तर पाच मिनिटं पुरणार नाहीत. दोन-तीनच घे. लासलगावला कांदा अगदी कमी मात्रेत किरणांखालून नेतात, कोंब फुटत नाहीत. मुंबईतल्या ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात बियाण्यावर किरण सोडून घडवलेले भुईमुगाचे वाण आपल्या गुजरातच्या आणि महाराष्ट्राच्या शेतांत आहेत. इंजेक्शनच्या सिरिंजा, ऑपरेशनचे हातमोजे गामा किरणांनी निर्जंतुक होतात. वीज मात्र देशाच्या एकूण विजेत अजून तीन टक्क्यांच्या आसपासच आहे, ते फुगवून सांगू नकोस.

आता जो भाग तुझ्या प्रतिस्पर्ध्यांपैकी कोणी बोलणार नाही, तो. वीज एका बाजूला आणि बॉम्ब दुसऱ्या बाजूला, मधे भिंत, असं चित्र खरं नाही. ट्रॉम्बेची सायरस भट्टी १९६०मध्ये सुरू झाली. कॅनडानं दिली, जड पाणी अमेरिकेचं, करार शांततेच्या वापराचा. तिथे रुग्णांसाठी समस्थानिकं, म्हणजे तपासणी-उपचाराला लागणारे किरणोत्सर्गी पदार्थ, तयार झाली. आणि १८ मे १९७४च्या पोखरण चाचणीचं प्लुटोनियमही, म्हणजे भट्टीत युरेनियम-२३८पासून तयार होणारा बॉम्बला चालणारा धातूही, तिथूनच आला. सिरिंजा निर्जंतुक करणारं ट्रॉम्बेचं आयसोमेड केंद्रही त्याच १९७४चं. आपल्या बडोद्याचंच बघ. खत कारखान्याशी जोडलेला जड पाण्याचा कारखाना इथे १९७७मध्ये उभा राहिला. साध्या पाण्यात साडेसहा हजार हायड्रोजनमागे एखादा ड्यूटेरियम असतो, तो वेचून काढायचा हा उद्योग. जड पाणी विषारी नाही, स्फोटक नाही, पण त्याच्यामुळे नैसर्गिक युरेनियमवर वीज करता येते आणि त्याच्यामुळेच प्लुटोनियमही करता येतं. म्हणून जगभर त्यावर पहारा असतो. आमच्या खात्यातलंही सांगते. हाडांच्या, हृदयाच्या स्कॅनसाठी लागणारं टेक्निशियम ज्या मॉलिब्डेनमपासून मिळतं, ते कित्येक दशकं बॉम्बच्या दर्जाच्या समृद्ध, म्हणजे २३५चा भाग वाढवलेल्या, युरेनियमपासून बनवत. स्कॅन करताना ते कुणाच्या मनातही येत नसे. कमी समृद्ध युरेनियम वापरूनही ते बनतं हे सिद्ध करून जग त्या वाटेनं वळायला खूप वर्षं लागली.

म्हणून १९५७मध्ये व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था निघाली. तिचे निरीक्षक इंधनाचे गठ्ठे मोजतात, कुलपांना सील लावतात, कॅमेरे बसवतात. ८ किलो प्लुटोनियम कमी भरलं तर त्यातून बॉम्ब होऊ शकतो, असं धरून ते मोजतात. भारतानं अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही केली नाही, तरी काक्रापारचे पहिले दोन संच या पहाऱ्याखाली आहेत. हे निरीक्षक म्हणजे जगाच्या पातळीवरचे माझ्यासारखेच वहीवाले. त्यांच्या कामाला कोणी टाळ्या वाजवत नाही. तू वाजव.

आणि बॉम्ब. इथे माझी वही बंद पडते. ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमावर जो टाकला, त्यात सुमारे ६४ किलो युरेनियम होतं. त्यातलं एक किलोही फुटलं नाही. तेवढ्यात वर्ष संपेपर्यंत अंदाजे १ लाख ४० हजार माणसं गेली. तो जमिनीपासून सुमारे ६०० मीटरवर फुटला, आणि त्याच्या बरोबर खाली एक रुग्णालय होतं. शिमा रुग्णालय. शहरातल्या दहापैकी नऊ डॉक्टर-परिचारिका मेल्या किंवा जखमी झाल्या. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी नाईट ड्युटीवर होते, आणि वॉर्डातल्या खाटा मोजत बसले. तसा बॉम्ब आपल्या बडोद्याच्या मांडवीवर कल्पून बघ. साधारण दीड किलोमीटरच्या घेऱ्यात जवळपास सगळं कोसळतं. न्यायमंदिर, सूरसागर, रावपुरा, आपला दांडिया बाजार. जे उरतात त्यांना ४ ग्रे मिळाले की २ की ६, हे सांगायला कोण असणार? वांतीला किती वेळात सुरुवात झाली यावरून अंदाज बांधतात, पण एका माणसाला निर्जंतुक खोली, रक्त, अस्थिमज्जा, महिनोन्‌महिने शुश्रूषा लागते. हजारोंना ते कुठून? कुठलंही रुग्णालय, कुठलाही देश हे पेलू शकत नाही. आज जगात असे बारा हजारांच्या आसपास बॉम्ब आहेत, बहुतेक त्याच्या कितीतरी पट मोठे.

मे १९९८मध्ये पोखरणच्या बातमीनंतर आमच्या गल्लीत पेढे वाटले. मीही घेतला. आपल्या शास्त्रज्ञांचा अभिमान वाटला होता, तो खोटा नव्हता. आपण पहिला वापर करणार नाही असं देशानं जाहीर केलं, ते मला मोलाचं वाटतं. पण त्यानंतरच्या आठवड्यात एका आयोडीन रुग्णाच्या दाराशी मीटर धरून उभी असताना मला एकदम जाणवलं, की मी एका माणसाच्या एका आकड्यासाठी तीन दिवस थांबते आहे. पेढा नंतर कधी गोड लागला नाही. संरक्षणाचे डावपेच मला कळत नाहीत, ते कळणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. माझ्या धंद्यापुरतं बोलते. ज्या वस्तूची मात्रा लिहून देता येत नाही, जिचा रुग्ण तपासता येत नाही, जी चुकली तर वळती करता येत नाही, ती वस्तू ‘उपयोग’ या शब्दात बसत नाही. म्हणून तुझ्या विषयातला ‘की’ मला खटकतो. औषधाचा आणि वणव्याचा तराजू एक नसतो. परीक्षकांना हे सांगायला घाबरू नकोस. भाषणाची सुरुवात आयोडीनपासून कर.

आजोबांच्या भीतीचं राहिलं. घशाचा शेक म्हणजे चेहऱ्यावर प्लास्टिकचा जाळीदार मास्क घट्ट बसवतात, म्हणून जास्त घाबरायला होतं. तो मात्रा जागेवर पडावी म्हणून असतो. श्वास घ्यायला त्यात मोकळं असतं, हे त्यांना आधी हातात धरून पाहू देत. खोलीत ते एकटे असले तरी बाहेर कॅमेऱ्यावर कोणीतरी सतत त्यांच्याकडेच पाहत असतं, आणि माइकवरून बोलताही येतं. काही झालं तर डोकं न हलवता हात वर करायला सांग. बाहेरचा माणूस बटण दाबतो, सोर्स मागे जातो, दार उघडतं, मास्क काढतात. पाणी पिऊन, दम खाऊन पुन्हा सुरू करतात, आणि मधे राहिलेले सेकंद तेवढेच देतात.